आपट्याच्या एसटीचं ॲप

अरे ऐका ना, सांगायलाही लाज वाटतेय! काल तळोज्याला माझा इंटरव्ह्यू होता. माझ्या वेबपेजवर ते चाळीस ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही वापरावा असे, प्रोजेक्ट आहेत ना, गेम, कॅल्क्युलेटर, काय काय, ते सगळे लोकांचे उचललेत मी, नावं काढून. इंटरव्ह्यू घेणाऱ्या भाविका मॅडमनी नेमकं आपटा गावच्या एसटीच्या टाइमटेबलचं ॲप उघडलं.

"अक्षरं एवढी मोठी का रे?"

मी लगेच, "मॅडम, माझी स्टाइलच आहे ती!"

"माझ्या आजीला कमी दिसतं, म्हणून मी मोठी केली होती."

मेलोच रे मी!

"ओपन सोर्स आहे, खुशाल घे. पण माझं नाव का पुसलंस?"

मॅडम पुढचा प्रोजेक्ट उघडणार, तेवढ्यात मीच लॅपटॉप मिटला आणि उठलो.