लंबूची सही

वसतिगृहातला अलिखित नियम असा, की खोलीतला जोडीदार गावभर उंडारत असेल तर संध्याकाळच्या हजेरीत त्याची सही आपण ठोकायची. चष्मिशने तर लंबूची सही अशी घोटवली होती, की खुद्द लंबू चक्रावला असता.

निकालाच्या दिवशी नापास झालेला लंबू "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून गेला, तो अकरा दिवस फिरकलाच नाही. असेल कुणा मित्राकडे तोंड लपवून, असं म्हणत चष्मिश सह्या ठोकत राहिला.

बाराव्या दिवशी दुपारी लंबूचे वडील आले. मुलाचा फोन लागेना म्हणून सुतारकाम टाकून तसेच निघालेले; बाहीला भुसा चिकटलेला. रेक्टरांनी जागचं न हलता वही पुढे सरकवली.

"एकही खाडा नाही, बघा. आत्ता वर्गात असेल. उगाच जिवाला घोर लावून घेता."

वडिलांचं राठ बोट एकेका सहीवरून फिरलं. "त्याचीच आहे," ते म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. निघताना दारातल्या चष्मिशच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "त्याला सांग बाळा, निकाल कळलाय. घरी कुणी रागावणार नाही म्हणावं."

"हो, काका."

संध्याकाळी वही आली. आज खाडा पडला तर आधीचंही उकरून काढतील आणि आपलंच बोचकं बाहेर फेकतील. स्वतःला शिव्या घालत चष्मिशने सही केली. नेहमीपेक्षा सुबक आली.