बिनतारखेचा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. कुंभकोणमला आरोग्य खात्याच्या एका सरकारी कचेरीत, जांभळ्या शाईच्या डबीशेजारी माझी जागा. मित्रांनो, शिक्का म्हटल्यावर तुम्हाला गंमत वाटेल, हातावर उमटवून घ्यावासा वाटेल. खबरदार! मला आधीच राग आलेला आहे, आणि तो का आलाय ते सांगितल्याशिवाय मी आज गप्प बसणार नाही.

माझ्या अंगावरचे शब्द आहेत 'केप्ट इन अबेयन्स'. काय ती भारदस्त इंग्रजी! कागदावर उमटलं की समोरच्याची बोबडी वळते. अर्थ मात्र अगदी साधा आहे. काम तूर्त थांबवलं आहे. मंजूर नाही, नामंजूर नाही, अमुक एक गोष्ट होईपर्यंत बाजूला ठेवलं आहे. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. वाईट काहीच नव्हतं हो, सुरुवातीला तरी.

मला घडवलं हरिकृष्णाच्या दुकानात. बसस्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिक्के करून देणारं त्याचं चिमुकलं दुकान होतं. कचेरीचे तेव्हाचे मोठे साहेब जानकीराम स्वतः तिथे आले होते. दोघेही तंजावरकडचे मराठी, त्यामुळे बोलणं आपल्याच, जुन्या वळणाच्या मराठीत चाललं. साहेब म्हणाले, "दोन ओळी पाहिजेत. वर हे शब्द, आणि खालीं 'अमुक तारखेपर्यंत' म्हणोन मोकळी जागा."

हरिकृष्ण हसला. "खालची ओळ कशास, साहेब? बाकी कचेऱ्या एकच ओळ करवितात."

"तारीख नसली तर तो शिक्का कशाचा?" साहेब म्हणाले. "लोकांस फसविणें झालें तें."

मी तेव्हा अजून न कोरलेला, नुसता रबराचा तुकडा होतो. तरीही ते वाक्य माझ्या मनात पक्कं बसलं. जानकीराम साहेबांनी मला वर्षातून चार-पाच वेळाच वापरलं असेल. आडुतुरैच्या एका डॉक्टरांची बदली निघाली आणि गावात तापाची साथ आली, तेव्हा मी त्या हुकमावर पडलो, साथ ओसरेपर्यंत. खाली साहेबांनी पेनाने तारीख घातली. त्या तारखेला सकाळी कपाटातून तीच फाइल आधी बाहेर निघाली. लोक म्हणायचे, "ह्या कचेरींत थांबा म्हटलें तर खरेंच थोडकेंच थांबावें लागतें." तेव्हा मला माझा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत वैद्यनाथ आले. हा माणूस लाच घेत नाही, कुणावर ओरडत नाही, वेळेवर येतो, कपाळाला विभूती लावतो. फक्त ठरवत नाही. 'होय' लिहिलं तर वरून कुणी विचारील, का लिहिलंत? 'नाही' लिहिलं तर समोरचा दाद मागायला वर जाईल, आपल्याला उत्तर द्यावं लागेल. मग एके दिवशी त्यांना मी सापडलो. माझ्याविरुद्ध दाद कुठे मागणार? नकार तर दिलेलाच नाही! त्यांनी मला निरखून पाहिलं, दाढीचं पातं मागवलं आणि माझी खालची तारखेची ओळ सफाईने कापून काढली. मला लागलं की नाही, हे कुणी विचारलं नाही. कापलेला रबराचा तुकडा त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि टेबल फुंकून साफ केलं.

तेव्हापासून मी रोज राबतो. पेन्शन, बदली, दुरुस्ती, दाखला, काहीही येवो, धप्प! भिजत घोंगडं ठेवायचं आणि त्यावर इंग्रजीची शाल पांघरायची. माणसं शिक्का वाचतात, काही कळत नाही, तरी नमस्कार करून जातात. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मला तळपाय एवढंच तर आहे!

आता दिव्यश्रीचं सांगतो. तिच्यामुळेच हे सगळं ओठांवर आलं.

दिव्यश्री सरकारी दवाखान्यात नर्स, नेमणूक निलगिरीच्या डोंगरात. घर इथे कुंभकोणमला, आणि घरात एकटी आई, सरोजाबाई. आईला विसरण्याचा आजार जडलेला. शेजारच्या रुक्मिणीबाई दोन वेळा डोकावून जात, पण शेजार तो शेजार. इथून जवळच, आडुतुरैच्या दवाखान्यात नर्सची एक जागा रिकामी होती, तिच्यासाठी दिव्यश्रीने अर्ज केला. टेबलावर कारकून होते अप्पाराव, तेही मराठी, तिच्याच गल्लीतले.

"मामा," ती म्हणाली, "आई सकाळीं मज ओळखते. संध्याकाळीं कधीं कधीं रुक्मिणीबाई म्हणोन हाक मारिते. डॉक्टर म्हणाले, वर्षभर ओळख राहील, पुढचें सांगवत नाहीं. ती मज ओळखते आहे तोंवर मज तिच्यापाशीं राहायचें आहे. एवढेंच."

एवढंच! बंगला मागितला नव्हता तिने. अर्ज आत गेला. त्या रिकाम्या जागेसाठी उद्या कुणा मोठ्याचा फोन आला तर, असा विचार वैद्यनाथांनी केला, आणि मी धप्पकन तिच्या अर्जावर पडलो.

ती दर दोन-अडीच महिन्यांनी रजा काढून यायची. आधी आईला भेटायची, मग इथे. तिसऱ्या खेपेला तिने स्पष्ट सांगितलं, "मामा, नाहीं म्हणोन लिहून द्या. नाहीं म्हटलेंत तर मी आजच राजीनामा टाकितें आणि घरीं येतें. अकरा वर्षांची नोकरी आहे, आईचीं औषधें त्यावर चालतात, म्हणोन आशेवर थांबलें आहें. आशाच नसेल तर तसें सांगा."

अप्पाराव इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अगो, नाहीं कुठें म्हटलेंय? थांबविलें आहे फक्त. होऊन जाईल. हातची नोकरी सोडूं नकोस."

वैद्यनाथांवर माझा राग आहेच, पण त्याहून जास्त या अप्पारावांवर आहे. का ठाऊक आहे? कारण त्यांना वाटलं, आपण तिच्यावर दया केली! नकार ऐकून पोर रडेल, त्यापेक्षा धीर द्यावा. अहो, कसला डोंबलाचा धीर! दुसऱ्याच्या आईचे दिवस संपत होते आणि तुम्ही गोड बोलून ते उडवत होतात. ती त्या गोड बोलण्यावर विसंबली आणि डोंगरात परत गेली. पुढच्या खेपेलाही गेली. त्याच्या पुढच्याही.

असे चौदा महिने गेले. त्या दिवशी दुपारी ती आली ती आईला हाताला धरून. रुक्मिणीबाई लग्नाला तिरुवलंचुळीला गेल्या होत्या, घरी आईजवळ थांबायला कुणी नव्हतं. सरोजाबाईंनी नीट निऱ्या काढून पातळ नेसलं होतं, केसांत मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा होता. अप्पारावांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अण्णा! केव्हां आलास?" त्या म्हणाल्या. आपला भाऊ समजल्या.

अप्पारावांनी उठून हात जोडले. सरोजाबाई त्यांच्याशी मराठीत छान बोलत होत्या, घरात सांबार आंबट झाल्याची तक्रार करत होत्या. मग त्या लेकीकडे वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "बस अम्मा, उन्हातून आली आहेस."

अप्पारावांचं तोंड उतरलं. मित्रांनो, इथल्या मराठी घरांची रीत अशी की घरच्या माणसाशी मराठी आणि बाहेरच्याशी तमिळ. यात चूक कधी होत नाही. बाजारात सगळे तमिळ बोलतील, उंबरा ओलांडला की मराठी. आणि ही बाई पोटच्या लेकीशी तमिळ बोलत होती, परक्या बाईला 'अम्मा' म्हणावं तशी, अदबीने.

"केव्हांपासोन?" अप्पारावांनी विचारलं.

"दोन महिने झाले." दिव्यश्रीचा आवाज चढला. "मराठींत बोललें तर आई घाबरते, मामा. म्हणते, ह्या बाईस आमची भाषा कशी येते? आतां मीही घरांत आईशीं तमिळच बोलतें. तुम्ही म्हणालां होतां, थांबविलें आहे फक्त. काय थांबलें? सांगा ना! माझा अर्ज थांबला. आई थांबली काय?"

ती सरळ वैद्यनाथांच्या टेबलाशी गेली आणि राजीनामा ठेवला. तमिळमध्ये म्हणाली, "सर, बदली नको. हा तरी आजच निकालात काढा."

वैद्यनाथांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. राजीनामा घ्यायचा म्हणजे जागा रिकामी होणार, म्हणजे पुन्हा काहीतरी ठरवावं लागणार. ते शांतपणे म्हणाले, "अप्पाराव, यावर अबेयन्स घाला."

आणि अप्पारावांनी मला उचललं. त्यांचे डोळे भरले होते, पण मला त्याचं काय कौतुक? डोळे पुसून त्यांनी मला शाईत बुडवलं आणि मारलंच. जोरात ओरडावं असं मला वाटलं. शिक्क्याला आवाज नसतो, ठसा तेवढा असतो, आणि तो त्यांना हवा तसा उमटतो.

दिव्यश्री त्या ठशाकडे बघून फक्त म्हणाली, "ठेवा तुमच्यापाशींच. मी आजपासोन घरीं आहें."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती कुणाचे तरी कागद येतील. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, आणि विनवणीने ऐकणार नसाल तर रागावून सांगतो: 'नाही' म्हणायचं असेल तर 'नाही' म्हणा. माणूस रडेल, भांडेल, दुसरी वाट धरेल. थांबवायचंच असेल तर कधीपर्यंत ते सांगा. आणि तुम्हाला कुणी 'बघू' म्हणालं, तर लाजू नका, तारीख विचारा. माझ्यासारख्याला बघून नमस्कार करून परत फिरू नका.

त्या दोघी निघाल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. दारात सरोजाबाई थांबल्या. त्यांनी दिव्यश्रीच्या हातावर हात ठेवला आणि तमिळमध्ये, फार मायेने, त्या परक्या बाईला म्हणाल्या, "उशीर झाला अम्मा. मला सोडायला येऊ नकोस, मी जाईन. तू घरी जा. तुझी आई वाट बघत असेल."