माझी टाच टणक आहे

मित्रांनो, मला जरा हातात घेऊन बघा. जड वाटलो ना? मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच बसला आहे. तो अबोल आहे, म्हणून दोघांचे मीच सांगतो. आम्ही पळायचे बूट नाही आणि मिरवायचेही नाही. आम्ही वजन उचलणाऱ्यांचे बूट आहोत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शेजारच्या टेबलावर पळायच्या बुटांच्या तळव्यांत मऊ फोम बसवत होते. आमच्या टाचेखाली मात्र टणक ठोकळा आला. टाच चवड्यापेक्षा थोडी उंच, आणि वर कितीही भार पडला तरी तसूभर न दबणारी. तपासणीला एक बाई बसत. त्या प्रत्येक टाच अंगठ्याने दाबून बघत. माझी दाबली आणि त्यांचाच अंगठा कळवळला. "बाई गं, नुसता दगड आहे हा!" असे म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी मला पुढे सरकवले. ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

दुकानात मात्र कौतुक संपले. आम्हाला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवले. आमचा रंग मातकट, वरून एक रुंद पट्टा आडवा गेलेला. खालच्या फळ्यांवर गुलाबी, निळे, चमचमते बूट. लोक आम्हाला काढत, "बापरे, किती जड!" म्हणत आणि परत ठेवून देत. हळूहळू मलाही वाटू लागले, की आपल्यातच काहीतरी खोट असावी.

मग एके दिवशी ताई आली.

ताई रुग्णवाहिकेवर कामाला होती. रुग्णाला घरातून उचलायचे, स्ट्रेचरवर घेऊन जिने उतरायचे आणि दवाखान्यात पोहोचवायचे, हे तिचे काम. वय चाळिशीच्या पुढे. लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. तिची हकीकत मला नंतर कळली, जिमच्या बाकावर बसून ती बोलायची त्यातून. काही महिन्यांपूर्वी एका अरुंद जिन्यावर तिचा गुडघा अचानक लटपटला होता. स्ट्रेचर कलंडला. त्यावरचे रुग्ण आजोबा पट्ट्यांनी बांधलेले होते, म्हणून त्यांना खरचटलेसुद्धा नाही. पण ते घाबरून ओरडले, आणि ती हाक ताईच्या कानांतून जाईना. कचेरीने तिला गाडीवरून काढले आणि फोन घ्यायला बसवले. परत गाडीवर जायचे, तर वजन उचलण्याची परीक्षा द्यावी लागणार होती. म्हणून ती जिममध्ये जाऊ लागली.

तिथे शिकवणाऱ्या बाईंना सगळे वस्तादबाई म्हणत. त्यांनी ताईला खांद्यांवर रॉड घेऊन बैठक मारायला सांगितली. ताई खाली गेली, आणि तिच्या टाचा दोन्हीकडे डुलू लागल्या.

"रॉड ठेव आधी," वस्तादबाई म्हणाल्या. "पायात काय घातलंयस?"

"पळायचे बूट. चांगले महागातले आहेत."

"पळायला चांगलेच आहेत. पण गादीवर उभी राहून कपाट उचलशील का तू?"

ताईला हसू आले. "नाही हो."

"मग हे तेच चाललंय. बूट घ्यायला जा, आणि टाच दाबून बघ. दबली तर ठेवून दे."

म्हणून ती दुकानात आली होती. विक्रेत्याने आधी गुलाबी जोडी पुढे केली. "हे घ्या मॅडम, ढगावर चालल्यासारखं वाटेल."

"मला ढगावर नाही चालायचं," ताई म्हणाली. "मला जमिनीवर उभं राहायचंय."

विक्रेता शिडी लावून वर चढला. त्याने फुंकर मारून माझ्यावरची धूळ उडवली. ताईने अंगठा माझ्या टाचेवर रोवला. मी श्वास रोखून बसलो. टाच दबली नाही. मग तिने एक माप मोठी जोडी मागितली, कारण लहानपणापासून तिला बूट वाढत्या अंगाचेच घ्यायची सवय. त्यांत तिची टाच उचलली जाऊ लागली. आणखी एक जोडी पुढून निमुळती निघाली, बोटे एकमेकांवर चढली. शेवटी तिने पुन्हा आम्हाला घातले, बंद आवळले, पट्टा ओढून बसवला आणि दुकानाच्या मधोमध चक्क बैठक मारली. एक गिऱ्हाईक वळून बघू लागले. ताई तशीच खाली बसून राहिली. टाचा टेकलेल्या, बोटे मोकळी, पाठ ताठ.

"कसं वाटतंय?" विक्रेत्याने विचारले.

"दिसायला अगदीच बावळट आहेत," ताई म्हणाली, "पण पाय हलत नाहीयेत. हेच द्या."

मित्रांनो, मला बावळट म्हटल्याचा राग अजिबात आला नाही.

तिच्या रुग्णवाहिकेचे चालक, ज्यांना ती काका म्हणायची, आम्हाला बघून खो-खो हसले. "टाचेचे बूट? वजन उचलणार आहेस, की नाचायला चाललीस?" काका चेष्टेखोर होते, पण मनाने फार चांगले. त्या दिवशी जिन्यावर स्ट्रेचरचे दुसरे टोक त्यांनीच धरले होते. कचेरीत विचारणा झाली, तेव्हा "तोल आमचा दोघांचा गेला" एवढेच ते सांगत राहिले.

आमचे कामाचे दिवस सुरू झाले. आधी नुसता रॉड, मग हळूहळू त्यावर वजनाच्या चकत्या. ताईचे घोटे आखडलेले होते. माझ्या उंच टाचेमुळे ती पाठ न वाकवता खोल बसू शकायची. भार यायचा तो थेट माझ्यातून जमिनीत उतरायचा. जमिनीवरून रॉड उचलण्याच्या व्यायामाला मात्र वस्तादबाई मला काढायलाच सांगत. "त्याला टाच सपाटच हवी," म्हणत. मग ताई मोज्यांवर उभी राही आणि मी बाकाखालून बघत बसे. सुरुवातीला वाईट वाटायचे. पुढे समजले, की प्रत्येक काम आपल्याच वाट्याला आले पाहिजे असे काही नसते.

एकदा रॉड खांद्यांवर असतानाच ताई थांबली. बैठक मारेना. जिन्यावरची ती हाक तिला पुन्हा ऐकू आली असावी. वस्तादबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मी आहे. घाई नाही. ठेवायचा असेल तर ठेव."

"ठेवला तर परत उचलवणार नाही मला," ताई म्हणाली. ती खाली गेली. माझा पट्टा करकरला. मग ती सावकाश उभी राहिली. रॉड जागेवर ठेवून ती बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. वस्तादबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

परीक्षेचा दिवस आला. माझी छाती फुगली होती, पण नियम असा निघाला, की परीक्षा नोकरीचेच बूट घालून द्यायची. आम्ही पिशवीत राहिलो, तेही काकांच्या गाडीत, कारण काकांनाही आत सोडले नव्हते. काका चुळबुळत होते. काच वर केली, खाली केली. मग पिशवी उघडून आमच्याकडे बघत म्हणाले, "तुम्हाला हसलो होतो मी. मनावर घेऊ नका रे."

बऱ्याच वेळाने ताई आली. दार उघडून बसली. सावकाश सीटबेल्ट लावू लागली.

"काय झालं? बोल की गं!"

"काका, परवा सकाळची गाडी आपली आहे."

काकांनी आनंदाने हॉर्नच दाबून धरला. फाटकावरचा पहारेकरी धावत आला. "अहो, हा दवाखाना आहे!"

"माहीत आहे हो," काका डोळे पुसत म्हणाले, "इथंच कामाला आहे मी."

परीक्षेला मी पायात नव्हतो. पण ज्या पायांनी ती जिंकली, ते आमच्यात शिकले होते. एवढे मला पुरले.

गोष्ट तिथेच संपली असती, तर किती बरे झाले असते. ताईच्या कामाच्या पाळ्या सुरू झाल्या आणि जिम सुटली. आम्ही ओल्या मोज्यांसकट पिशवीत, पिशवी पलंगाखाली. पट्ट्यावर बुरशी चढली, कातडे कडक झाले. पुढे ताईचा धाकटा भाऊ राहायला आला. एका पावसाळी सकाळी त्याने आम्हाला पायांत सरकवले आणि दूध आणायला निघाला. डबक्यांतून, खडीवरून. आम्ही वाकणारे नव्हे, एका जागी उभे राहणारे. घरी येईपर्यंत माझा तळवा पुढून चोचीसारखा उघडला होता.

"हे तू घातलेस?" ताईने दारातच विचारले.

"अगं, पडून होते. मला वाटलं टाकायचेच असतील."

ताईने मला उचलले, उलटे केले आणि बोट उघड्या चिरेवरून फिरवले. "पडून होते हे खरंय," ती हळूच म्हणाली. खाली वाकली होती ती कमरेवर हात ठेवून उठली. व्यायाम सुटल्यापासून तिची कंबरही धरू लागली होती. त्याच संध्याकाळी तिने आम्हाला चांभाराकडे नेले. त्याने जाड दोऱ्याने शिवण घातली. "वजन पेलतील. पाण्यात नेऊ नका फक्त," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वस्तादबाईंपुढे हजर झालो.

त्यानंतर ताईने जिम सोडली नाही. कित्येक वर्षांनी तिने नवी जोडी घेतली आणि आम्हाला जिमच्या फळीवर ठेवले, ज्यांच्याकडे बूट नाहीत त्यांच्यासाठी. काल एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. खुर्चीतून उठताना टेबल धरावे लागते म्हणून त्यांच्या सुनेने त्यांना आणले होते. "मी नुसती बघायला आलेय," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. वस्तादबाईंनी आम्हाला त्यांच्या पायांत चढवले आणि एक बुटके स्टूल पुढे ठेवले. त्या स्टुलावर टेकल्या, हात हवेत धरले आणि कशालाही न धरता उठल्या. सून टाळ्या वाजवू लागली. त्या मात्र खाली आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, बूट घ्याल तेव्हा चमक बघू नका. तो कोणत्या कामाचा आहे हे विचारा, घालून उभे राहा, बसून बघा. घेतलात, की ज्या कामाचा आहे त्याच कामाला वापरा. घाम पुसा, बंद सैल करा, वाऱ्यावर ठेवा. मी झिजायला तयार आहे, मला फक्त पलंगाखाली विसरू नका. आता जरा बाजूला व्हा. त्या शिक्षिका आल्या आहेत, आणि आज त्यांनी स्टूल स्वतःच बाजूला सारले आहे.