जामचा रांजण

“अरे दादा, मारतीन ना तुले! भिंतीकडं पाह्यत काऊन उभा राह्यला?”

मी ओरडेपर्यंत दादाला गोळी लागलीसुद्धा. पडद्यावर तो आडवा झाला आणि खुर्चीतला दादा हसत म्हणाला, “मरू दे. तू त्या जिन्याखाली पाह्य. झाडू ठेवला हे बनोनाऱ्यानं. काही गरज होती का? तरी ठेवला.”

माझा भाऊ रत्नदीप हा असा. सिंदी मेघे गावात त्याचं सायबर कॅफे होतं, सहा कॉम्प्युटरचं. सकाळी परीक्षांचे निकाल, रेल्वेची तिकिटं, नोकरीचे अर्ज. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की हा बंदुकांच्या गेममध्ये. इंटरनेटवर कुठले कुठले लोक एकत्र यायचे, दोन पार्ट्या करायचे आणि एकमेकांना गोळ्या घालायचे. लढायच्या जागेला मॅप म्हणायचं. कंपनीचे मॅप असायचेच, पण दादाला वेड होतं ते साध्यासुध्या माणसांनी घरी बसून बनवलेल्या मॅपचं. कोणी आपल्या गावचं पोस्ट ऑफिस बनवलेलं, कोणी बर्फातलं रेल्वे स्टेशन, कोणी आपल्याच शाळेचं स्वयंपाकघर. बनवायचे आणि फुकट वाटायचे. दादा असे मॅप हुडकून काढायचा, आणि नवा सापडला की बंदूक खाली करून आधी सगळा फिरून पाहायचा, सोयरीक जमवायला गेलेली माणसं घर पाहतात तसा. तेवढ्यात कोणीतरी त्याला टिपायचंच. मग म्हणायचा, “मानलं पाह्यजे बाप्पा या मानसाले!” दुसऱ्याच्या कौतुकात एवढा रमणारा माणूस मी तरी हा एकच पाहिला, आणि तोही आमच्याच घरात निघाला.

जाम गावी रस्ता चौपदरी होणार आणि त्यात आमचं हाटेल जाणार, हे पक्कं झालं तेव्हा दादानं स्वतःचा मॅप करायला घेतला. नागपूर-हैदराबाद रस्त्याला जिथं चंद्रपूरचा फाटा फुटतो, तिथं आमचे बाबा कवडू आणि आई कमला चहा-आलुबोंड्याचं हाटेल चालवायचे. हाटेल म्हणजे काय, चार बाकं आणि एक भट्टी. पण दारात अर्धा जमिनीत पुरलेला रांजण होता. बाबांनी भट्टीच्याही आधी तो बसवला होता. लहानपणी त्यांच्या गावात त्यांना पाणी लांबून, वरून ओंजळीत ओतलं जायचं. म्हणून आमच्या रांजणातलं पाणी ज्याचं त्यानं आपल्या हातानं घ्यायचं. ट्रकवाला असो की पोलीस, चहा घेवो की न घेवो.

दादानं वर्षभर खपून सगळा फाटा उभा केला. बाकं, भट्टी, पंक्चरचं दुकान, कडुनिंबाखालचे संत्र्यांचे ट्रक. आणि रांजण. तो त्यानं असा बसवला, की जखमी खेळाडूनं जवळ जाऊन बटण दाबलं की पाणी प्यायल्यासारखा आवाज यायचा आणि त्याची ताकद भरून यायची. मग तो कुठल्याही पार्टीचा असो.

इथंच घोडं पेंड खायला लागलं. परदेशातला एक माणूस एक सर्व्हर चालवायचा. हौशी लोकांचे निवडक मॅप तिथं खेळायला मिळत. दादा तिथं कैक वर्षं दुसऱ्यांच्या मॅपवर मरत आला होता. त्या रांगेत आपलाही एक असावा, एवढीच त्याची इच्छा होती. त्या माणसानं मॅप खेळून पाहिला, तोंड भरून वाखाणला आणि शेवटी लिहिलं, ‘पाणी एकाच पार्टीला ठेव. दोघांनाही मिळालं तर डाव संपतच नाही. एवढं बदल, लगेच लावतो.’

“खरं म्हन्ते तो,” दादा म्हणाला. “गेमच्या हिशोबानं चूकच हाये.”

बदलायला काहीच वेळ लागला नसता. पण रविवारी आम्ही दोघं जामला गेलो आणि त्यानं आईजवळ विषय काढला. आलुबोंडे तळता तळता आईनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे एकानं प्याचं अन दुसऱ्यानं पाह्यत राह्याचं?”

“दुश्मन राह्यते ना तो, आई. गेम हाये.”

“राहू दे ना दुश्मन. तहानलेल्याले पार्टी इचारशीन का तू? तसंच कराचं असंन तं त्याले आपला रांजन नको म्हनू. दुसरं काही नाव दे.”

बाबा रांजणात पाणी ओतत होते. ते ओतता ओतता थांबले.

घरी येऊन दादानं उत्तर लिहिलं. इंग्रजी मी नीट केलं. पाणी दोघांनाही राहील, जमत नसेल तर मॅप राहू द्या. मॅप राहूनच गेला.

“डोक्शावर पडला का तू?” मी भडकले. “आता कोन खेळन तो?”

“नाई खेळलं तं नाई,” तो म्हणाला. मॅप फुकट वाटायच्या एका साइटवर टाकला आणि पुन्हा लोकांचे झाडू पाहत बसला. मला राग आला होता, आणि खरं सांगते, अभिमानानं रडूही येत होतं.

दिवाळीनंतर हाटेल गेलं. बाबांनी रांजण तेवढा वाचवायचा ठरवला. भोवतालची माती स्वतः उकरली, कोणाला हात लावू दिला नाही. उचलताना तो बुडाशी तडकला आणि दोन तुकडे झाले. मग आईबाबा आमच्याकडे राहायला आले. आईनं शेजारणी जोडल्या. बाबा कॅफेत येऊन कोपऱ्यात बसायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. रिकाम्या हातांचा हाटेलवाला पाहवत नाही हो.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी दादा नवा मॅप हुडकत यादी खाली खाली नेत होता. एकदम थांबला.

“मेघा. इकडं ये.”

यादीत ‘जाम’ लिहिलं होतं. कुठल्याशा देशात कोणीतरी, न विचारता न सांगता, आमचा मॅप आपल्या सर्व्हरवर लावला होता आणि तो माणसांनी भरलेला होता.

दादा आत शिरला. पंक्चरच्या दुकानापाशीच त्याला गोळी लागली. मेला नाही. तसाच रांजणाकडे निघाला. बाबाही खुर्ची ओढून जवळ आले.

रांजणापाशी चार-पाच जण उभे होते. दोन्ही पार्ट्यांचे. एक पाणी पीत होता, बाकीचे त्याच्यामागं थांबले होते. ट्रकांकडून गोळ्यांचे आवाज येत होते, पण इथं कोणी कोणावर झाडत नव्हतं. पडद्यावर कोणीतरी दादासाठी इंग्रजीत लिहिलं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं, “म्हन्ते, तू नवीन दिसतं. इथला नियम आयक. पान्याजवळ कोनाले माराचं नाई.”

“सांग ना त्याले, मॅप तूच बनोला म्हनून!” मी दादाला ढोसलं.

दादानं ‘बरं’ एवढंच लिहिलं आणि रांगेत उभा राहिला.

“कोन हायेत हे?” बाबांनी विचारलं.

“मालूम नाई बाबा. कुठले कुठले हायेत.”

“अन नियम कोनं केला?”

“त्याइनंच.”

दादाचा नंबर आला. तो पाणी प्यायला, ताकद पूर्ण भरली, तरी तिथंच उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, पडदा त्याला दिसत नव्हता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फाट्यावरच्या त्या जुन्या, खणखणीत आवाजात म्हणाले, “झालं ना तुयं? सरक मंग. मांगं लोकं उभे हायेत.”

दादा बाजूला सरकला.