दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट

पोटातल्या अल्सरमधून रक्त गेलं म्हणून दाजींना दवाखान्यात आणलं, तेव्हा त्यांची साखर दोनशे साठ निघाली. ताईने त्याच दुपारी घरातला साखरेचा डबा शेजारणीला देऊन टाकला. माझी बहीण अशीच. आधी निकाल, मग खटला.

दाजी बंदरावर क्रेन चालवतात. डायबेटिस ठरला तर केबिनमधून उतरून गोदामात बसायचं, असा त्यांच्या कंपनीचा नियम. कामावर परतण्याआधी डॉक्टरांचं पत्र लागणार होतं.

"शरीरावर एवढा ताण आला की साखर कोणाचीही चढते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावरून डायबेटिस ठरत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करू."

ती तपासणी मीच केली. याच दवाखान्याच्या लॅबमध्ये मी एकवीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळतोय. आकडा आला पाच पूर्णांक चार. अगदी नॉर्मल. ताईने डबा परत मागून आणला.

मला मात्र चैन पडेना. नमुना कधी घेतला ते पाहिलं. आदल्या दिवशीच दाजींना तीन पिशव्या रक्त चढवलं होतं. म्हणजे त्या सरासरीत तीन अनोळखी माणसंही मिसळली होती.

दाखल करतानाची, म्हणजे रक्त चढवण्याआधीची नळी आम्ही आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवतो. ती काढून मशीनला लावली. आठ पूर्णांक दोन, म्हणजे सरळसरळ डायबेटिस. पुन्हा लावली, तरी तेच. मला वाईट वाटलं, पण आकड्याला त्याचं काय?

ताईला व्हरांड्यात गाठून हा दुसरा आकडा सांगितला.

"चांगला रिपोर्ट आलाय ना?" ती म्हणाली. "मग तुला नसती उठाठेव कोणी सांगितली?"

मला तिचा राग आला आणि कीवही आली. ती मागून येत असतानाच मी दाजींच्या खाटेवर दोन्ही कागद ठेवले आणि सगळं सांगितलं.

दाजींनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरून वाचले. "दोन महिने झाले, केबिनमधून खालची माणसं धूसर दिसतात," ते म्हणाले. "म्हटलं, वयाचं असेल."

"अहो, मग मला का नाही बोललात?"

"तू डबा तेव्हाच देऊन टाकला असतास."

ताई हसली नाही. दाजींनी पाच पूर्णांक चारचा कागद माझ्याकडे सरकवला.

"हा माझा नाही. बाईंना दुसरा दाखव, आणि पत्र त्यावरच लिहायला सांग. माझ्या हुकाखाली माणसं उभी असतात."