चि. सौ. कां.

“ताई, नावाआधी काही लावू नका. नुसतं नाव द्या,” कोर्टाबाहेर टाइपिंग करणारे काका म्हणाले होते. कडेवरचं बाळ त्यांच्या यंत्राकडे झेपावत होतं आणि मला घाई होती.

बारकीचं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, परदेशात लग्न ठरलं होतं. ती तिथे नोकरीला, मुलगा तिथलाच. ती अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र जवळच्या नातेवाइकाने इथून द्यायचं होतं. आई-बाबा नाहीत, म्हणजे मीच. पत्रिका काही छापणार नव्हतो. म्हटलं, एका तरी कागदावर तिच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ यावं.

“अहो काका, लग्नाचंच तर काम आहे. असू द्या की.”

“बरं बाई. तुमची बहीण, तुमची हौस,” म्हणत त्यांनी टाइप केलं.

भाषांतर करणाऱ्याला ‘कां.’ कळलं नाही, ‘सौ.’ तेवढं कळलं. त्याने नावाआधी ‘विवाहित’ लिहिलं आणि पुढच्याच ओळीत ‘अविवाहित’. शिक्के मारणाऱ्या कुणीच ते वाचलं नाही, मीही नाही. तिथल्या विवाह नोंदणीच्या बाईंनी वाचलं आणि कागद परत केला.

नवा कागद व्हायला सात आठवडे लागले. तोवर त्या मुलाने बारकीला विचारून टाकलं होतं, “तुझं आधी लग्न झालंय का?”

“मग तू काय सांगितलंस?” मी फोनवर म्हटलं.

“काही नाही. चार वर्षांत ओळखलं नाही, त्याला आता काय दाखले दाखवू?” मग हसली. “तुझी चूक नाही गं ताई. माझी कांक्षाच जरा जास्त झाली.”

लग्न मोडलं. दुरुस्त कागद कपाटात आहे, बाळाच्या लसींच्या कार्डाखाली.

पूर्वी ती रोज म्हणायची, “बाळ दाखव.” आता म्हणत नाही. शेवटच्या व्हिडिओ कॉलवर भरदुपारी पडदा ओढलेला होता, अंगात मागच्याच वेळचा स्वेटर. गेले बारा दिवस फोन उचलत नाही, नुसता अंगठा पाठवते. बाळाचा पासपोर्ट अजून आलेला नाही, मला निघता येत नाही.

तुम्ही तिकडे कुठे राहत असाल आणि लाँड्रीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर आपली भाषा बोलणारी एकटी मुलगी असेल, तर एकदा दार वाजवा. ती “मी बरी आहे” म्हणेल. तेवढ्यावर परतू नका. आत जा, पडदा उघडा आहे का बघा.