दुष्काळातलं बाळसं

भस्मबाबाच्या कुडाच्या झोपडीपुढे सकाळपासून बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि बाबा सरजाबाईच्या नातवाला उंच धरून सगळ्यांना दाखवत होता. दुष्काळाने माणसांची हाडं वर आलेली. लातूर नवा जिल्हा झाला, पाट्या नव्या लागल्या, टँकर मात्र जुन्यासारखाच रडतखडत यायचा. अशात हे पोर टम्म गालांचं.

"कातडी म्हणजे गढीची भिंत," बाबा ठणकावून सांगे. "भस्माचा लेप म्हणजे पहारेकरी. रोग बाहेर, बाळसं आत."

कुडामागे चेपलेल्या मलमाच्या नळ्या पडलेल्या असत. पोरं त्यांच्या गाड्या करत. कुणी विचारलं तर बाबा म्हणे, भक्तांचा कचरा.

अंघोळीला पाणी नाही म्हणून नातवाच्या जांघेत चट्टे उठले होते. सून सिंधू रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची, तेव्हा लेप लावायचं काम सरजाबाईचं. चट्टे लगेच गेले, म्हणून तिने तो अंगभर चोळला. पुढे गाल भरले आणि म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

मग ताप आला तो उतरेना. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर रुद्राणीबाईंनी पोराला उघडं केलं.

"आजी, गाल भरले. मग मांड्या का नाही भरल्या?"

सरजाबाईने पोराची मांडी चाचपली. रोज त्याच मांड्या तिच्या हाताखालून जात होत्या.

"हे बाळसं नाही, सूज आहे. राखेत स्टेरॉइडचं मलम कालवलंय. माठातून पाणी बाहेर पाझरतं, तसं कातडीतून औषध आत पाझरतं. कोवळ्या, सोललेल्या कातडीतून तर जास्तच. ते रक्तात गेलं, गाल फुगले, रोगाशी झुंजायची ताकद गेली."

"मग आजपून न्हाई लावत, बाई."

"एकदम बंद केलं तरी जिवाला धोका. औषध देऊन हळूहळू कमी करावं लागेल. वाचेल का, ते आत्ता नाही सांगता येत."

सिंधूला पोरापाशी ठेवून सरजाबाई गावी आली ती थेट कुडापुढे. "म्याच चोळलं, ह्या हातानं. ती सूज हाय, बायांनो. कुडामागच्या नळ्या बघा."

"गाल आमी सोता पाहिलेत, मावशे," रांगेतली एकजण म्हणाली.

"गालाला भुलू नका. मांड्या चाचपा. डोकं जाग्यावर ठेवून चाचपा."

त्या बाईने आपल्या लेकराची मांडी चाचपली. हाताला हाडच लागलं. लेकरू चट्ट्यांनी कळवळून रडत होतं. रांग पुढे सरकली, तशी तीही सरकली.